जुन्या कौलारू घरातलं स्वयंपाकघर मुळापासून करायचंय, सुरुवात कुठून करावी?

माशेलची_सून | ३ ऑक्टोबर

माशेलला आमचं घर आहे. गोवामुक्तीच्या आधीचं, चिऱ्याचं, मातीत बांधलेलं, वर मंगळुरी कौलं. आजवर आम्ही पणजीत फ्लॅटमध्ये राहिलो, चतुर्थी-शिगम्याला जाऊन येऊन. आता हे निवृत्त होतायत आणि सासूबाईंना तिथे एकट्यांना ठेवायचं नाही, म्हणून मुक्काम हलवतोय. बाकी घर डागडुजीत निभावेल, स्वयंपाकघर मात्र मुळापासून करावं लागणार.

आहे ते असं: घराच्या मागच्या अंगाला साधारण ११ बाय १८ फुटांची लांबट खोली. एका टोकाला चूल, तिच्या बाजूला नंतर कधीतरी घातलेला कडप्प्याचा ओटा. खाली तांबडा कोबा, भेगाळलेला. उत्तरेची भिंत पावसात गुडघाभर ओली होते, गिलाव्याला बोट लावलं की पीठ पडतं. (त्या गिलाव्यावर दहाएक वर्षांपूर्वी सिमेंटचा हात फिरवलाय.) सांडपाणी भिंतीतल्या भोकातून सरळ केळींना. वायरिंग लाकडी पट्टीवरचं. शेजारी कोठीची अंधारी चिंचोळी खोली. मागच्या दाराबाहेर पडवी आणि तिथून दहा-बारा पावलांवर बाव, म्हणजे विहीर.

एका मॉड्युलर किचनच्या दुकानात जाऊन आलो. तिथल्या मुलाने चहा संपायच्या आत संगणकावर पांढरंशुभ्र स्वयंपाकघर उभं केलं. कोठीची भिंत पाडायची, चूल काढायची, वर पीओपीचं छत. सासूबाईंनी चित्र नीट बघितलं आणि एवढंच विचारलं, "पुरुमेंत खंय दवरतली गो?" (पावसाळ्याची बेगमी कुठे ठेवणार गं?)

तर, कामाचा क्रम काय ठेवावा? पैसा कशावर घालावा, कशावर वाचवावा? चूल ठेवावी का? आणि ती भिंत पाडावी का? जुन्या घरात हे सगळं केलेल्यांनी लिहा.

खाष्ट_सासू | ३ ऑक्टोबर

बाकीचं जाणकार सांगतील. माझा एकच सल्ला: सॉफ्ट-क्लोज ड्रॉवर घेऊ नका. राग आला की आपटायचं काय?

कौलारू | ३ ऑक्टोबर

दुकानात सगळ्यात शेवटी जा. कपाटं ही शेवटच्या महिन्याची गोष्ट आहे.

आधी भिंत. चिरा पाणी शोषतो आणि जोत्यातून ओल वर चढते, हे चिऱ्याच्या प्रत्येक घरात थोडंफार होतंच. जुना चुन्याचा गिलावा ती ओल बाहेर सोडतो. त्यावर सिमेंट फासलं की ओलीची वाट बंद होते, मग ती आणखी वर चढते आणि सुकताना खार पृष्ठभागावर सोडते. तुम्ही म्हणता ते पीठ म्हणजे तोच खार. तुमचं वर्णन वाचून मला तरी भिंतीपेक्षा त्या सिमेंटचा संशय जास्त येतो. तो गिलावा ओल जिथवर दिसते त्याच्या हात-दीड हात वरपर्यंत काढून टाका, दर्जा (चिऱ्यांमधले सांधे) साफ करा आणि भिंत उघडी वाळू द्या. दिवाळीनंतर काढलात तर मार्चपर्यंत बरीच वाळेल. मग चुन्याचा गिलावा.

पण त्याही आधी बाहेरून भिंतीच्या कडेने एक फेरी मारा. मागच्या अंगणात वर्षानुवर्षं माती, पालापाचोळा साचून जमीन जोत्याच्या वर आलेली असते. वळचणीचं पाणी तिथेच पडतं आणि भिंतीला टेकून मुरतं. आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस. जमीन खाली उतरवून भिंतीपासून लांब उतार दिला, वळचणीला पन्हळ लावली, की अर्धी ओल तिथेच गेली समजा.

डोंबिवलीची_मीरा | ३ ऑक्टोबर

११ बाय १८!! आमच्या हॉलपेक्षा मोठं. मधोमध छान आयलंड काउंटर करा ना, भोवती उंच खुर्च्या.

खाष्ट_सासू | ३ ऑक्टोबर

बेट आमच्याकडे दिवाडीला आहे, फेरीबोटीने जावं लागतं. स्वयंपाकघरात कशाला आणखी एक?

सिव्हिल_बाबा | ४ ऑक्टोबर

@कौलारू, निदानाशी सहमत, उपचाराशी अर्धाच. चुन्याचं काम येणारा गवंडी आज शोधून दाखवा. चुना पाण्यात विरवून आठवडे-महिने मुरवावा लागतो, पातळ थरांत लावावा लागतो, थराथरामध्ये थांबावं लागतं. घाईत केलेला चुना पुढच्या पावसात पापुद्र्यांनी उतरतो आणि मालक म्हणतो, सिमेंटच बरं होतं. माणूस मिळत असेल तरच त्या वाटेला जा. नाहीतर ओल्या भिंतीचा खालचा भाग दर्जा भरून सरळ उघडा ठेवा. उघडा चिरा वाईट दिसत नाही. रंग लावणारच असाल तर चुनकळीचा. प्लास्टिक इमल्शन नको, डांबराचं वॉटरप्रूफिंग तर मुळीच नको.

आता भिंत पाडण्याचं. मातीत बांधलेल्या घरात 'पार्टिशनची भिंत' असं फारसं काही नसतं. कोठीच्या भिंतीवर वर काय टेकलंय ते माळ्यावर चढून बघा. पाटय, तुळई किंवा वाशांचं टोक काहीही बसलेलं असेल तर ती भिंत छप्पर पेलतेय. दुकानातला मुलगा माळ्यावर चढला होता का? दार रुंद करायचं असलं तरी आधी टेकू, मग वरचा लिंटेल (दारावरची आडवी तुळई), मग खालचे चिरे. मातीच्या दर्जाची भिंत ठोकाठोकीने सैल होते, म्हणून ब्रेकर लावू देऊ नका. आणि भिंत हलवणार किंवा छप्पर उघडणार असाल तर पंचायतीत आधी विचारून ठेवा. शेजाऱ्याने तक्रार केल्यावर कागद गोळा करत बसण्यापेक्षा ते सोपं.

रगडा_वाटप | ४ ऑक्टोबर

सासूबाईंचा प्रश्न या धाग्यातला सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न आहे आणि अजून त्याला कोणी उत्तर दिलं नाही.

मे महिन्यात मिरच्या, सोलां, चिंच, कांद्याच्या माळा, गूळ, उकडे तांदूळ, सुकी मासळी असं सगळं भरायचं म्हटलं तर पाच इंच उंचीच्या ट्रॉल्या काय कामाच्या? आणि चतुर्थीची भांडी? मोदकपात्र, तांब्याचं भाण, खतखत्याचं तपेलं? ती ट्रॉलीत जात नाहीत, मग पुढे वर्षभर खाटेखाली लोळतात.

कोठी पाडू नका. ती अंधारी आणि थंड आहे म्हणूनच माल टिकतो. फक्त जमिनीपासून वीतभर वर कडप्प्याच्या फळ्या बसवून घ्या, भिंतीपासून चार बोटं सुट्या. वर जाळीचा झरोका, उंदीर येणार नाही असा. सुकी मासळी मात्र वेगळी, बाहेरच्या पडवीत, डब्यात. सुंगटांच्या (सुक्या कोळंबीच्या) शेजारी गूळ ठेवायचा प्रयोग आमच्याकडे एका पाहुणीने केला होता, त्या वर्षीचं पायस अजून निघतं बोलण्यात.

दुसरं म्हणजे खाली बसायची जागा ठेवा. सासूबाई आदोळीवर बसून नारळ खवत असतील ना? उभ्याने खवायचं ओट्याला अडकवायचं यंत्र मिळतं, पण जन्मभर बसून खवलेल्या बाईला ते जमत नाही, खांदा दुखतो. मागच्या दाराजवळ उजेडात पाच बाय पाच फूट जागा मोकळी सोडा. तिथे काहीही 'बसवू' नका.

अभि_मडगाव | ४ ऑक्टोबर

रगडा_वाटप, +१. मासे साफ करायला सिंक मागच्या पडवीतच. आत एकदा बांगड्याचं पाणी सांडलं की आठवडाभर चहाला वास.

नीरफणस | ४ ऑक्टोबर

अवांतर: या धाग्यामुळे भूक लागली. पायसाची गोष्ट सविस्तर सांगावी.

वायरमन_फोंडा | ५ ऑक्टोबर

लाकडी पट्टीवरचं वायरिंग आहे म्हणजे अर्थिंग बहुतेक नसेल किंवा नावापुरतं असेल. बाकी काही परवडलं नाही तरी हे करा.

हिशेब साधा आहे. २००० वॉटची इंडक्शन शेगडी म्हणजे जवळपास ९ अँपिअर. त्यात मिक्सर, फ्रिज, ओव्हन, गिझर. हे सगळं एका जुन्या वायरवर चढवलं तर वायर तापते, आणि ती तापते कुठे, तर सुक्या लाकडावर. जड यंत्रांना वेगवेगळी सर्किटं, प्रत्येकाला स्वतःचा एमसीबी (भार जास्त झाला की वीज तोडणारा स्विच), १६ अँपिअरचा सॉकेट, ४ स्क्वेअर एमएमची तांब्याची वायर. मुख्य बोर्डावर ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी, म्हणजे वीज गळू लागली की लगेच तोडणारा स्विच. ओल्या भिंतीचं घर, ओले हात, अनवाणी पाय: तिथे ती जीव वाचवते. नवीन अर्थिंग बाहेर, ओल राहते अशा जागी.

वायर नेण्यासाठी भिंतीत आडव्या खाचा मारू देऊ नका. चिरा फुटतो, माती गळते. वरून पाईप न्या, उभे खाली उतरवा, दिसले तर दिसले. सॉकेट कुठे हवेत ते ओटा ठरल्यावर ठरवा, आणि जेवढे वाटतात त्याच्या दुप्पट सांगा. मला आजवर कोणी "सॉकेट जास्त झाले" म्हणून फोन केलेला नाही.

बांदकराची_लेक | ५ ऑक्टोबर

ओट्याच्या उंचीबद्दल कोणीच बोललं नाही. दुकानात ३४ इंच ठोकून देतात. उभं राहा, कोपर दुमडा, कोपरापासून चार-पाच इंच खाली ओटा यायला हवा. माझी आई पाच फुटांच्या आत, तिला ३२ लागतो. शिवाय शेगडी वर आली की भांड्याची उंची वाढते, म्हणून शेगडीचा भाग आणखी तीन-चार इंच खाली घ्या. घरात दोन उंचीच्या बायका असतील तर दोन तुकडे दोन उंचींचे करा. एकसंध दिसणार नाही. न दिसू दे.

सिव्हिल_बाबा | ५ ऑक्टोबर

उत्तम मुद्दा. आणि ओटा जुन्या भिंतीत खोबणी मारून बसवू नका. स्वतःच्या पायांवर उभा करा, म्हणजे आडव्या-उभ्या कडप्प्याच्या फळ्या आणि वर ग्रॅनाइट. भिंत हलली, सुकली, भिजली तरी ओट्याला काही होत नाही. मागच्या टाइलची पट्टीही दोन फुटांपुरतीच.

पेडण्याचा_पात्रांव | ६ ऑक्टोबर

चुलीबद्दल. सगळे चव, परंपरा वगैरे लिहितील त्याआधी मी छपराबद्दल लिहितो.

रांधपाच्या खोलीतले वासे काळे असतात ना? ते काजळीचं लेपन आहे. साठ-सत्तर वर्षं रोज धूर बसलाय, म्हणून त्या लाकडाला भुंगा शिवत नाही, वाळवी चढत नाही. बाजूच्या खोलीतले वासे बदलावे लागतात आणि स्वयंपाकघरातले तसेच राहतात, हे सुतार तुम्हाला सांगेल. चूल बंद केली की लाकूड ओलावा धरायला लागतं, आणि वर पीओपी मारलं तर आत काय चाललंय ते दिसतही नाही. आमच्या वाड्यावर एका घरात असंच छत मारलं होतं. चार पावसांनी वरून भुसा गळायला लागला म्हणून छत फोडलं, तर माडाचे वासे पोकळ. आत उंदरांचा संसार वेगळाच.

चूल काढायची तर खुशाल काढा, पण मग वासे उघडे ठेवा, घासून साफ करून काजूच्या टरफलांचं तेल द्या. ते कातडीला लागलं तर फोड येतात, हातमोजे घालूनच. ज्याला हे काम माहीत आहे त्यालाच द्या.

तिसऱ्या | ६ ऑक्टोबर

म्हणजे चूल ठेवायची ती सासूबाईंसाठी नव्हे, वाशांसाठी. हे आमच्या घरी सांगून बघते.

सिव्हिल_बाबा | ६ ऑक्टोबर

धुराचं खरं आहे, पण तोच धूर बाईच्या छातीत साठ वर्षं जातो हेही लिहा की. वासे टिकले आणि आजीला दमा. चूल ठेवायची तर मागच्या पडवीत हलवा. आत गॅस.

पेडण्याचा_पात्रांव | ६ ऑक्टोबर

बाबा, ते मान्य. पण पडवीत हलवलेल्या चुलीवर कोणी रोज रांधत नाही. ती पाणी तापवायची चूल होते आणि पुढे तिच्यात मांजर विते.

रेखाताई_साखळी | ६ ऑक्टोबर

मांजर विण्यावरून आठवलं, आमच्याकडे तशीच आहे चूल. चतुर्थीत मात्र दोन दिवस पेटते. पातोळ्या गॅसवर आणि चुलीवर वेगळ्या लागतात असं म्हणणाऱ्यांना मी डोळे बांधून खायला देणार आहे एकदा.

जुना_सभासद | ७ ऑक्टोबर

कौलांचा विषय निघालाच आहे तर: उतरवताना पाठीवरचे शिक्के बघा. १८६५ साली मंगळूरला बाझेल मिशन या ख्रिस्ती संस्थेने कौलांचा कारखाना काढला, तिथून पुढे आपल्या किनाऱ्यावर अनेक कारखाने झाले. त्यांची कौलं अजून घरांवर आहेत. अशी कौलं गवंडी ट्रकभर 'घेऊन जातो' म्हणतो, देऊ नका. धुऊन परत चढवा. नवीन कौल जुन्याच्या खोबणीत बसेलच असं नाही, म्हणून फुटक्यांच्या जागी जुनीच शोधावी लागतात. उजेडासाठी दोन-तीन काचेची कौलं घाला, ओट्यावर पडतील अशी. दिवसा दिवा लागणार नाही.

सोलकढी_फॅन | ७ ऑक्टोबर

आणि माकडं? आमच्याकडे सत्तरी तालुक्यात कौल आज बसवलं की उद्या माकडाने उचललं. आम्ही खाली लोखंडी जाळी मारली.

अभि_मडगाव | ७ ऑक्टोबर

जाळी गंजते. समुद्राकडच्या गावांत तर दोन पावसांत भुगा. मारायचीच तर स्टेनलेस. आणि स्टेनलेस म्हटलं की दुकानदार हलक्या प्रतीचं २०२ दाखवून चांगलं ३०४ म्हणून विकतात. सिंक, बास्केट, नळ सगळीकडे ३०४ लिहून घ्या, बिलावर. प्लायवुडलाही तेच. 'वॉटरप्रूफ आहे हो साहेब' याला काही अर्थ नाही, आयएस ७१० चा (मरीन प्लायचं भारतीय मानक) शिक्का फळीवर बघा. एमडीएफ (लाकडाच्या भुशाची दाबलेली फळी) तर आपल्या हवेत फुगून पापड होतं. माझ्या बहिणीच्या कपाटांची दारं जुलैत मिटेनात, सप्टेंबरात उघडेनात.

माशेलची_सून | ८ ऑक्टोबर

किती भरभरून लिहिलंत सगळ्यांनी! देव बरें करूं. सासूबाईंना वाचून दाखवलं. आयलंड काउंटरवर त्या इतक्या हसल्या की मीराताई, तुमचं आमच्या घरी कायमचं नाव झालं.

बाहेर जाऊन बघितलं. कौलारू म्हणतात तसंच आहे, उत्तरेकडे अंगणाची माती जोत्याच्या चार बोटं वर आहे. आणि कोठीच्या भिंतीवर तुळई टेकलेली आहे. भिंतीचा विषय संपला.

चुलीवर घरात दोन पक्ष आहेत. हे म्हणतात काढू, सासूबाई काही म्हणत नाहीत. न म्हणणं जास्त कठीण.

एक राहिलं. सांडपाण्यासाठी प्लंबर पडवीच्या कडेला शोषखड्डा सांगतोय. चालेल ना?

सिव्हिल_बाबा | ८ ऑक्टोबर

थांबा! बाव पडवीपासून दहा-बारा पावलांवर म्हणालात ना पहिल्या पोस्टमध्ये? मग तिथे शोषखड्डा अजिबात नको. जांभ्या जमिनीतून पाणी भराभर झिरपतं, गाळलंही जात नाही. विहिरीपासून निदान १५ मीटर दूर, आणि जमिनीचा उतार बावीकडून खड्ड्याकडे असेल त्या बाजूला. सिंकखाली बाटली ट्रॅप, भिंतीबाहेर गल्ली ट्रॅप, मग चेंबर, तिथे तेल-खरकटं अडवायची जाळीची टोपली, आणि मग चार इंची पाईप ४० फुटांना एक फूट उताराने. केळींना सोडायचं असेल तर सोडा, केळी त्यासाठीच असतात, पण बावीपासून दूरच्या केळी.

वाळवीचं औषध मारतानाही हेच ध्यानात ठेवा. नवीन कोबा घालण्याआधी भिंतीच्या कडेने भोकं पाडून औषध सोडतात, जुन्या घरांसाठी आयएस ६३१३ चा तिसरा भाग आहे, त्याप्रमाणे करणारा माणूस बघा. आणि त्याला बाव आधी दाखवा.

बांदकराची_लेक | ९ ऑक्टोबर

जमिनीबद्दल कोणी विचारलं नाही तरी सांगते: तांबडा कोबाच परत घाला. चकचकीत व्हिट्रिफाइड टाइलवर नारळाचं पाणी आणि तेल सांडलं की सासूबाई पडतील.

वकीलसाहेब_नाही | ११ ऑक्टोबर

(नावाप्रमाणे वकील नाही, भोगलेला माणूस आहे.) घर वाटणी न झालेलं आहे का? गोव्यात बापाच्या घरात सगळ्या भावंडांचा, बहिणींचाही, वाटा असतो, लग्नानंतर मालमत्ता सामाईक असली तर त्यांच्या जोडीदारांचाही संबंध येतो. इन्व्हेंटरी (वारसांमधली कोर्टातली वाटणी) झाली नसेल तर खर्च करण्याआधी सगळ्यांकडून चार ओळी लेखी घ्या: अमुक दुरुस्ती अमुक माणूस स्वखर्चाने करतोय, आमची हरकत नाही. गोड बोलून, चहा पाजून. मुंबईचा भाऊ आत्ता "कर रे, घर आपलंच" म्हणतो, पुढे कधी विकायची वेळ आली की तुमचं ग्रॅनाइट कोणी हिशेबात धरत नाही.

नीरफणस | ११ ऑक्टोबर

धागा गंभीर झाला. पायस, प्लीज.

रगडा_वाटप | ११ ऑक्टोबर

नीरफणस, पायसाला सुंगटांचा वास लागला. एवढीच गोष्ट आहे. नैवेद्य दाखवून झाल्यावर कळलं, एवढं अधिक.

माशेलची_सून | १९ डिसेंबर

सुट्टी आहे म्हणून निवांत लिहितेय. झालेली प्रगती अशी.

दीर-नणंदांचं पत्र झालं. नणंदेने सही करताना अट घातली: चतुर्थीला मागची पडवी तिची. मंजूर.

अंगण खाली उतरवलं, वळचणीला पन्हळ लावली. सिमेंटचा गिलावा काढला. आत काय होतं म्हणाल तर खालच्या तीन थरांच्या चिऱ्यांवर पांढरी साय धरलेली, आणि दर्जांतली माती इतकी मऊ की सळी टेकली की आत जाई. गवंड्याने ती दोन-दोन इंच खरवडून चुना-सुरखीने (चुना आणि विटांची पूड) भरली. हा गवंडी डिचोलीचा, देवळांची कामं केलेला. पूर्ण गिलावा करायला तो तयार आहे, पण म्हणाला, "भिंत सुकू दे, मी फेब्रुवारीत येतो." घाई न करणारा माणूस मिळाला म्हणून बरं वाटतंय आणि मिरग जवळ येईल म्हणून भीतीही वाटतेय. छपराचं काम त्याआधी कधी करावं?

कौलारू | १९ डिसेंबर

फेब्रुवारी-मार्च. आधी छप्पर, मग गिलावा, मग जमीन, मग ओटा. वरून काही पडणार असेल तर खालचं नवं काम आधी करून काय उपयोग? शिगम्यात माणसं मिळणार नाहीत हे धरून चला. एप्रिलअखेर कौलं बसली पाहिजेत, वळवाचा काही भरवसा नाही.

अभि_मडगाव | २० डिसेंबर

चिमणीचं नळकांडं कौलांतून वर काढू देऊ नका, तिथे हमखास गळतं. भिंतीतून आडवं बाहेर, टोकाला झाकण. आणि खरं सांगायचं तर उघड्या कौलांच्या उंच छपराखाली चिमणीची गरज किती, हा प्रश्नच आहे. आधी सहा महिने राहून बघा. वायर तेवढी ओढून ठेवा.

वायरमन_फोंडा | २० डिसेंबर

गॅस सिलिंडर आत की बाहेर? बाहेर पडवीत जाळीच्या कपाटात ठेवलात तर उत्तम. गॅस हवेपेक्षा जड, गळला की जमिनीलगत साचतो. आत ओट्याखाली ठेवणार असाल तर कपाटाच्या दाराला तळाशी झडपा हव्यात, आणि त्या कपाटात सॉकेट नको म्हणजे नको.

माशेलची_सून | ८ मार्च

कौलं उतरवली. पात्रांव, तुम्ही बरोबर होता. चुलीवरचे वासे ठणठणीत आहेत, सुताराने वाकसाने टोचून बघितले, टोक आत शिरेना. कोठीवरचे चार बदलावे लागले.

चुलीचा निकाल लागला. हे स्वतःच म्हणाले, राहू दे. ओटा दुसऱ्या टोकाला करतोय, दोन उंचींचा. चूल तिथेच, तिच्यावर कौलांत धुराला वाट. रोज पेटणार नाही, पण मिरगानंतर रोज संध्याकाळी घटकाभर पेटवायची असं सासूबाईंनी जाहीर केलंय. वाशांसाठी, म्हणे. धागा त्यांना वाचून दाखवला ही त्यांच्या हाती दिलेली मोठीच गोष्ट झाली.

सुकी मासळी पडवीत, गूळ कोठीत.

तिसऱ्या | ८ मार्च

सासूबाई जिंकल्या! फोटो हवेत.

वायरमन_फोंडा | ८ मार्च

फ्रिजची जागा ठरली का? लोक सगळं ठरवतात आणि फ्रिज शेवटी दारात उभा असतो.

माशेलची_सून | ९ मार्च

तेच सांगायचं राहिलं. यांनी निवृत्तीची हौस म्हणून दोन दारांचा मोठा फ्रिज घेतलाय, ३६ इंच रुंद. आतलं दार २८ इंच, मागचं ३०. चौकटी सागवानी, हात लावायचा नाही असं घरात आधीच ठरलंय. सध्या फ्रिज सोप्यावर, म्हणजे पुढच्या ओसरीवर आहे, खोक्यातच.

कौलारू | ९ मार्च

कौलं उतरवलेलीच आहेत ना अजून? वरून सोडा.

सिव्हिल_बाबा | ९ मार्च

वाशांमधलं अंतर दीड फूट, कौलारू. तुम्हीसुद्धा?

खाष्ट_सासू | ९ मार्च

सोप्यावरच राहू दे. आल्यागेल्याला दिसला पाहिजे ना? नाहीतर घेतला कशाला.

माशेलची_सून | ९ मार्च

हा धागा यापुढे यांना वाचायला देणार नाही.